बाजार : एका शब्दाचे मोल

शब्दाला अर्थ असतो तसे मोलही असते, आणि या दोन गोष्टी एकच नव्हेत, हे सोस्यूरने सांगितल्याला शतक उलटून गेले. त्याच्या निधनानंतर १९१६ साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानग्रंथात भाषाविज्ञान आणि अर्थशास्त्र यांच्यातील एक साम्य नोंदवलेले आहे. दोन्ही शास्त्रे भिन्न जातीच्या दोन गोष्टींमध्ये समतुल्यता मानतात; तिकडे श्रम आणि वेतन, इकडे चिन्हित आणि चिन्हक. नाण्याचे मोल त्याच्या धातूत नसते, ते इतर नाण्यांशी आणि विकत मिळणाऱ्या वस्तूंशी असलेल्या नात्यात असते; शब्दाचेही तसेच. मराठी समीक्षेने हा विचार गेल्या काही दशकांत पचवला आहे असे मानले जाते. मात्र वस्तूंचे मोल जेथे प्रत्यक्ष ठरते त्या जागेचे नाव ती आजही निंदाव्यंजक विशेषणासारखे वापरते. 'बाजारू' हे ते विशेषण होय.

या विशेषणाचा हिशेब एका अभ्यासकाला एकदा द्यावा लागला. तो मूळचा करकंबचा. करकंब हे सोलापूर जिल्ह्यातील, पंढरपूर तालुक्यातील मोठे बाजाराचे गाव. वडील, ज्यांना घरात आबा म्हणत, डाळी-कडधान्यांची पोती घेऊन आसपासचे आठवडी बाजार करीत. घरातील कालगणना बाजारांवर चाले. "दोन बाजार झाले, पोराचं पत्र नाही," असे आई म्हणे, तेव्हा तिला दोन आठवडे अभिप्रेत असत. 'बाजार आणला का?' या प्रश्नात बाजार म्हणजे जागा नव्हे, पिशवीतील मीठमिरची. मुलगा शिकला, शहरात मराठीचा प्राध्यापक झाला, समीक्षा लिहू लागला. एका नवोदित कवयित्रीच्या पहिल्या संग्रहाचे परीक्षण करताना त्याने लिहिले की या कवितेची भाषा बाजारू आहे. महिन्याभराने एक पोस्टकार्ड आले. त्यात तक्रार नव्हती, एकच प्रश्न होता : "सर, बाजारू म्हणजे नेमके काय? आमचे घर बाजारातच आहे, म्हणून विचारते."

उत्तर देण्यासाठी त्याने पहिल्यांदा कोश उघडला, आणि अनेक महिने तो मिटता आला नाही.

'बाजार' हा शब्द फारसी, एवढे मोल्सवर्थपासून सारेच कोश सांगतात. फारसीत तो कोठून आला, हा प्रश्न मराठी कोशांच्या कक्षेत येत नाही. नव्या फारसीतील 'बाजार'चे मध्य-फारसी रूप 'वाझार' असे आहे. सोग्दी भाषेत 'वाचर्न' सापडते. यांच्या मागे जे प्राचीन इराणी रूप विद्वान अनुमानाने उभे करतात त्यात दोन घटक आहेत : 'वहा' म्हणजे किंमत, विक्री, आणि 'चर्' म्हणजे फिरणे. किंमत जेथे हिंडते-फिरते ती जागा म्हणजे बाजार. यातील 'वहा' फारसीत 'बहा' म्हणून टिकला. उर्दूतील 'बेबहा', म्हणजे अनमोल, या शब्दात तो आजही ऐकू येतो. 'सप्त'चा 'हप्त' आणि 'सिंधु'चा 'हिंदु' करणारा जो इराणी ध्वनिनियम आहे, तो येथे उलटा लावला की 'वहा'च्या जागी 'वस्' दिसू लागतो. आणि वैदिक संस्कृतात 'वस्न' म्हणजे किंमत, मोल. ऋग्वेदात हा शब्द आहे. पाणिनीला त्यापासून साधलेले 'वस्निक' हे रूप ठाऊक आहे. लॅटिनमधील विक्रीवाचक 'वेनुम' याच कुळातील. 'चर्' तर मराठीत रोजच्या वापरात आहे.

म्हणजे ज्या शब्दाला परका म्हणून दाराबाहेर उभे केले गेले, त्याचे दोन्ही अवयव घरातल्यांचे सख्खे चुलत ठरतात. फरक इतकाच की संस्कृतने 'वस्न' विस्मृतीत टाकला आणि मराठीपर्यंत तो पोहोचलाच नाही. इराणीने तो जपला, 'चर्'शी त्याचे लग्न लावले आणि संसार जगभर पसरू दिला. एमील बेनव्हनिस्त याने इंडो-युरोपीय संस्थांच्या शब्दसंग्रहावरील आपल्या १९६९ च्या ग्रंथात या धातूचा विचार केला आहे. त्याच ग्रंथातील एका प्रकरणात त्याने व्यापाराला 'निनावी व्यवसाय' म्हटले आहे. विकणे आणि विकत घेणे यांना शब्द होते. विक्री हाच ज्यांचा धंदा, त्यांना मात्र या भाषाकुलात समाईक नाव नव्हते. त्या कामाला समाजाने आपले म्हटले नव्हते, याची ही खूण आहे. आबांचा धंदा गावकरी सांगत तो असा : "बाजार करतात." क्रियापद होते; प्रतिष्ठेचे नाम नव्हते.

या शब्दाचा प्रवास पाहिला की भाषांचे इतिहास शब्दांच्या अंगावर कसे उमटतात ते कळते. आर्मेनियन भाषेने तो फार आधी, इराणीतील आरंभीचा 'व' शाबूत असताना घेतला. तेथे तो 'वचार' आहे. जॉर्जियनमध्ये त्याच मालिकेतील शब्दाचा अर्थ व्यापारी असा आहे. हंगेरियन भाषेतील 'वाशार' म्हणजे जत्रा-बाजार. त्यातही जुना 'व' राहिला आहे. पुढे तुर्कांच्या राजवटीत त्याच भाषेत 'बझार' नव्याने शिरला. एकाच घरी एकच पाहुणा दोनदा आला, आणि पहिल्याला कोणी ओळखले नाही. हंगेरियनमध्ये रविवारास म्हणतात 'वशारनप', म्हणजे बाजाराचा दिवस. तुर्कीत 'पझार' म्हणजे बाजार आणि रविवारही. सोमवार तेथे 'पझार्तेसी', म्हणजे बाजारानंतरचा दिवस. करकंबच्या आईने आठवडा बाजाराने मोजावा आणि बुडापेस्टच्या माणसाने रविवारला बाजारवार म्हणावे, यात उसनवारी नाही. जगण्याची लय एक आहे. मराठीने मात्र ही जोडणी उलट बाजूने केली. तुर्कांनी वाराला बाजाराचे नाव दिले, मराठी शहरांनी पेठांना वारांची नावे दिली. सोलापुरातील मंगळवार पेठ आणि शुक्रवार पेठ हे त्याचे जवळचे दाखले.

पूर्वेकडे मलाय भाषेत तो 'पासार' झाला. बाली बेटावरील देनपासार या शहराच्या नावात तो आहे. बाजाराच्या उत्तरेकडचे, असा त्या नावाचा अर्थ. जावामध्ये पाच दिवसांचे एक बाजारचक्र आहे आणि त्याला 'पासारान' म्हणतात. सात वारांच्या बरोबरीने ते पाच वार आजही मोजले जातात. बांगलादेशातील कॉक्स बाजार हे नाव कंपनीच्या एका कप्तानाचे आडनाव आणि हा इराणी शब्द यांच्या संयोगातून झाले. बाल्कन प्रदेशात नोवी पझार, नवा बाजार, हे एक शहरच आहे.

अर्थांचे हेलकावे याहून उद्बोधक. ग्रीकमध्ये 'पझारी' म्हणजे बाजार, तसेच घासाघीस. फ्रेंचमध्ये 'बझार' म्हणजे पसारा, गोंधळ. रशियन बोलीत त्याचा अर्थ गलबला आणि तेथून थेट बडबड असा होतो. इंग्रजीत मात्र त्याला पौर्वात्य अत्तराचा वास आला, आणि पुढे धर्मादाय विक्रीला तो चिकटला. १८९४ मध्ये डब्लिन येथे 'अ‍ॅरबी' नावाचा असा बाजार एका रुग्णालयाच्या मदतीसाठी भरला होता. जेम्स जॉइसने त्याच नावाची कथा लिहिली, ती 'डब्लिनर्स' या १९१४ च्या संग्रहात आहे. त्या कथेतील मुलगा शब्दाच्या मोहिनीने ओढला जातो आणि दिवे मालवले जात असताना बाजारात पोहोचतो. करकंबच्या मुलाच्या वाट्याला ती मोहिनी कधी आली नाही. डब्लिनमध्ये जो शब्द दूरचा म्हणून सुंदर, तोच करकंबात रोजचा म्हणून मळका. यातून एक साधा सिद्धान्त निघतो : शब्दाचे मोल त्याच्या धातूत नसते, बोलणारा त्याच्यापासून किती अंतरावर उभा आहे यावर ते बरेचसे ठरते.

मराठीत या शब्दाचा संसार समासांचा आहे. 'बाजारहाट' या जोडशब्दात फारसी आणि संस्कृत 'हट्ट'पासून आलेला 'हाट' एकमेकांना बिलगून आहेत. 'बाजारपेठ'मध्ये दुसरा जोडीदार कन्नड 'पेटे', तमिळ 'पेट्टै' यांच्या नात्यातला. मुलूख बहुभाषिक असला की एकच गोष्ट दोन भाषांत सांगून खात्री पटवली जाते, आणि अशी द्विरुक्ती पुढे एक शब्द होऊन बसते. सोलापूर जिल्ह्याला हे नवे नाही. सीमेपलीकडे कन्नडात आठवडी बाजाराला 'संते' म्हणतात, तेलुगूत 'संत', तमिळमध्ये 'संदै'. या टापूतला बाजारकरी गरजेप्रमाणे दोन्ही-तिन्ही शब्द बोलतो आणि त्यांची जात विचारीत नाही. उच्चाराचीही एक गोष्ट नोंदवण्याजोगी आहे. मराठी लिपीत नुक्ता नाही, तरी मराठी माणूस 'बाजार'मधला 'ज' दंततालव्य उच्चारतो. मूळ फारसी ध्वनीच्या तो जवळ जातो. लेखनाने जे राखले नाही ते तोंडाने राखले.

पण लेखणीचा इतिहास निराळा आहे. शिवकाळात, १६७७ च्या सुमारास, रघुनाथपंडितांनी 'राजव्यवहारकोश' रचला. फारसी-अरबी राजभाषेला संस्कृत पर्याय देणाऱ्या या कोशाच्या दहा वर्गांतील शेवटचा आहे पण्यवर्ग, म्हणजे विक्रेय वस्तूंचा. इतिहासाचार्य राजवाडे यांनी जुन्या पत्रांतील शब्दांची मोजणी केली, तेव्हा १६२८ च्या पत्रात फारसी शब्द शेकडा ८५ च्या घरात आणि १७२८ च्या पत्रात शेकडा सहाच्या आसपास आढळले. या उतरणीतही 'बाजार' गेला नाही; कारण तो दरबाराचा नव्हता, लोकांचा झाला होता.

विसाव्या शतकातील भाषाशुद्धीच्या चळवळीने हाच प्रश्न पुन्हा मांडला. त्या चळवळीतील सर्वांत चटका लावणारे उदाहरण माधव जूलियन यांचे. फारसीचे प्राध्यापक, मराठीत गझल रुजवणारे कवी, १९२५ च्या 'फारसी-मराठी कोशा'चे कर्ते. त्याच माधवराव पटवर्धनांनी १९३८ साली 'भाषाशुद्धि-विवेक' लिहून परकीय शब्दांच्या त्यागाचा पुरस्कार केला. ज्याला या शब्दांच्या नाडीचे ज्ञान इतरांहून अधिक, त्यालाच त्यांचा त्याग आवश्यक वाटावा, हा विरोधाभास म्हणून सोडून देता येत नाही. त्यामागे भाषेच्या स्वत्वाची खरी चिंता होती. प्रश्न चिंतेचा नाही, कसोटीचा आहे. शब्द कोणत्या दारातून आला एवढेच पाहणारी कसोटी 'बाजार' या शब्दापाशी थिटी पडते : आलेल्या दारावरून तो परका, कुळावरून आप्त, आणि वापरावरून गेली कित्येक शतके घरचा.

हिंदी-उर्दूत हा प्रश्न एका शीर्षकात सापडतो. प्रेमचंदांनी एक कादंबरी उर्दूत लिहिली, तिचे नाव 'बाज़ार-ए-हुस्न'. ती प्रसिद्ध झाली मात्र आधी हिंदीत, आणि तेथे तिचे नाव 'सेवासदन'. वस्तू तीच, पण एका शीर्षकाने व्याधीकडे बोट दाखवले, दुसऱ्याने उपचाराकडे. 'बाजार' पुसला गेला तसा एका भाषेतला वाचक कादंबरीत वेगळ्या दाराने शिरला.

शासनाच्या मराठीनेही अशीच दुहेरी व्यवस्था केली आहे. महाराष्ट्राच्या १९६३ च्या कायद्याच्या नावात 'पणन' आहे; त्या कायद्याने चालणारी संस्था मात्र 'बाजार समिती'. कायदा संस्कृतात जन्मतो आणि शेतमाल फारसीत विकला जातो. शेतकरी 'पणन समिती'त गेल्याचे कोणी ऐकलेले नाही.

आता 'बाजारू'. या विशेषणाच्या आसपास कोण राहते ते पाहावे. 'बाजारबुणगे' : सैन्यामागून चालणारी, लढाईच्या इतिहासात केवळ ओझे म्हणून उल्लेखिली जाणारी माणसे. 'बाजारगप्पा' : ज्यांवर विश्वास ठेवू नये असे बोलणे. 'बाजारबसवी' : वेश्या; यातील 'बसवी' बसण्याशी जोडावी की देवाला सोडलेल्या स्त्रीसाठीच्या कन्नड 'बसवी'शी, असा प्रश्न पडतो; निर्भर्त्सना दोन्हीकडे सारखीच. 'बाजार मांडणे', 'बाजार उठणे' हे वाक्प्रचारही फजितीचेच. या शब्दांच्या रांगेतून एक समाजचित्र उभे राहते : उघड्यावर बसणारी, हाक मारून विकणारी, विशेषतः स्त्री असेल तर अधिकच संशयित ठरणारी माणसे. ओसरीच्या आत बसलेल्याने चव्हाट्यावर बसलेल्याविषयी केलेले हे भाषिक विधान आहे. 'बाजारू' हे साहित्याचे वर्णन करते असे वाटते तेव्हा प्रत्यक्षात ते एका जागेतल्या माणसांविषयी बोलत असते.

मराठी वाङ्मयाचा इतिहास या विशेषणाला अनुकूल नाही. तुकोबांच्या घराण्याकडे देहूच्या पेठेची महाजनकी होती. ते स्वतः दुकानदारी करीत. एकनाथांनी अर्जदास्त, ताकीदपत्र अशी कचेरीतील फारसी रूपे भारुडात आणली आणि त्यांतून परमार्थ सांगितला. नामदेव ढसाळांच्या 'गोलपिठा'ने १९७२ साली मुंबईच्या एका बदनाम वस्तीची भाषा मराठी कवितेच्या मध्यभागी आणून ठेवली. बाख्तीनने राबलेवरील ग्रंथात बाजारचौकातील भाषेचा जो विचार केला तो येथे आठवावा. चौकातील बोलणे, त्याच्या मते, उतरंड मोडणारे असते. तेथे स्तुती आणि शिवी एकाच श्वासात असतात. मात्र या विचाराचाही उत्सव करण्यात धोका आहे. बाख्तीनचा चौक सणाचा आहे. आठवडी बाजार पोटाचा असतो. पावसाने बाजार मोडला की आबा न विकलेली पोती घेऊन परत येत, आणि त्या रात्री घरात कोणतीही उतरंड मोडलेली नसे.

१९९१ नंतर तर प्रश्न अधिक गुंतागुंतीचा झाला. 'मुक्त बाजार', 'बाजारीकरण', 'बाजारकेंद्री' ही संज्ञाव्यवस्था मराठी विचारात रुळली. येथे 'बाजार' म्हणजे जागा नव्हे. चेहरा नसलेली एक यंत्रणा. साहित्यव्यवहार तिच्या अधीन होतो आहे ही चिंता रास्तच आहे. परंतु जेथे विकणारा आणि घेणारा एकमेकांची घरे ओळखतात त्या करकंबच्या बाजाराला, आणि जेथे कोणी कोणाला पाहत नाही अशा यंत्रणेला एकच शब्द लागू लागला, तेव्हा दुसऱ्याचे पाप पहिल्याच्या खात्यावर चढले. समीक्षेने या दोन अर्थांमधील सीमारेषा आखायला हवी होती. ती न आखता तिने एक विशेषण हाती ठेवले.

पोस्टकार्ड टेबलावर पडून राहिले होते. त्या काळात तो एकदा गावी गेला. आबा नव्हते. बाजाराचा दिवस होता. करकंबची ओळख सांगणारी बाजार आमटी त्याच दिवसाची : अनेक डाळी एकत्र शिजवलेली, काळ्या मसाल्याची, तिखट, तीत भाकरी कुस्करून खायची. या नावातही दोन कुळे आहेत. 'आमटी'चा संबंध संस्कृत 'अम्ल'शी, आणि पुढे उभा आहे तो इराणातून चालत आलेला शब्द. 'पण्य-आमटी' असे नाव कोणी ठेवले असते तर ती कोणी खाल्ली नसती. येथे 'बाजार' हे विशेषणच आहे, आणि ते निंदेचे नाही. उलट, घरी अशी जमत नाही, असे त्यात अभिप्रेत आहे. त्याने आईला सहज विचारले, "बाजारू म्हणजे काय गं?" आई म्हणाली, "माणसाला म्हणतात, वाईट अर्थानं. आपल्या आबांना एकदा एकानं म्हटलं होतं." एवढे बोलून तिने ताटात आणखी आमटी वाढली.

परतल्यावर त्याने तो कवितासंग्रह पुन्हा वाचला. कविता आता चांगल्या वाटू लागल्या असे झाले नाही. त्यांतील दोष मात्र आता दिसू लागले, कारण आधी त्यांवर एक विशेषण झाकणासारखे बसले होते. काही प्रतिमा दुसऱ्या कवींकडून उचललेल्या होत्या. काही ठिकाणी भावना ठरीव शब्दांत उरकली होती. जेथे बाजारातील बोली खरोखर आली होती त्या चार-पाच कविताच संग्रहात जिवंत होत्या. म्हणजे परीक्षणातील शब्द केवळ अन्यायाचा नव्हता, चुकीचाही होता. ज्याला त्याने दोष म्हटले तेच त्या कवितेचे बळ होते, आणि खरा दोष बाजाराचा नव्हताच. तो पुस्तकांतून आला होता.

त्याने उत्तर लिहिले. त्यात इराणी व्युत्पत्ती नव्हती, सोस्यूर नव्हता. उचललेल्या प्रतिमा कोणत्या, ठरीव ओळी कोणत्या, आणि टिकणाऱ्या कविता कोणत्या, याची पृष्ठांकांसह यादी होती. शेवटी एक वाक्य होते : 'बाजारू' या शब्दाचा अर्थ आपणास सांगता येत नाही, म्हणून तो परत घेत आहे. पुढे परीक्षणांचे पुस्तक झाले तेव्हा त्या लेखातून तो शब्द गेला, आणि त्याच्या जागी दुसरे विशेषण न येता दीड पान आले.

समीक्षेत विशेषण हे उधारीचे नाणे असते. त्यामागे वाचनाचा ऐवज नसेल तर ते खोटे ठरते. बाजारात खोटे नाणे चालवणाऱ्याला लोक लगेच ओळखतात. समीक्षेच्या व्यवहारात तशी नजर असलेले वाचक कमी, म्हणूनच अशी नाणी वर्षानुवर्षे हातोहात फिरत राहतात. 'वस्न' हा शब्द मराठीला मिळाला नाही याची खंत करण्याचे कारण नाही. त्याचे मोल बाजारात फिरत फिरत तिच्यापर्यंत पोहोचले आहे. त्याचा हिशेब चोख ठेवणे एवढेच तिच्या अभ्यासकांच्या हाती आहे.